तिखट चीज पास्ता : अर्ध्या तासात रात्रीचं जेवण आणि एका प्लेटचा खरा हिशोब



आजचा धडा दोन भागांत आहे. पहिल्या भागात घरच्या गॅसवर, ओव्हनशिवाय, अर्ध्या तासाच्या आत तिखट आणि भरपूर चीजचा पास्ता कसा करायचा ते बघू. दुसऱ्या भागात त्याच प्लेटचा पैशाचा हिशोब मांडू. ज्यांना फक्त घरच्यांसाठी करायचाय त्यांनी पहिला भाग वाचला तरी चालेल. पण ज्यांच्या डोक्यात "संध्याकाळी घरून पास्त्याच्या ऑर्डर घेऊ का?" हा विचार घोळतोय, त्यांनी वही-पेन घेऊनच बसा.

असं का? तर पास्ता हा वरवर स्वस्त दिसणारा पदार्थ आहे. पीठ, टोमॅटो, थोडं चीज, असतं काय त्यात? म्हणून बरेच जण १२० रुपये भाव ठेवून सुरुवात करतात. ऑर्डरी येतात, कौतुक होतं, स्टेटसवर फोटो लागतात. आणि महिनाअखेरीला डब्यात पैसे नसतात. चव चुकलेली नसते, माप चुकलेलं असतं. आजच्या धड्यातून एकच गोष्ट पक्की करायची आहे : चीज काट्यावर मोजायचं आणि मलईदारपणा पास्त्याच्या पाण्यातून आणायचा. हे जमलं की पदार्थही जमतो आणि हिशोबही.

## आधी थोडं पदार्थाबद्दल

काही जणांना वाटतं की तिखट पास्ता हा आपला देशी जुगाड आहे. तसं नाही. इटलीत रोमच्या भागात 'अराब्याता' नावाचा पास्ता करतात. टोमॅटो, लसूण, सुकी लाल मिरची आणि ऑलिव्ह तेल, एवढंच त्यात असतं. 'अराब्याता' म्हणजे रागावलेली! मिरचीच्या झणक्यामुळे हे नाव. आपण त्यात दूध आणि चीज घालतो, म्हणजे आपल्याकडे कॅफेत ज्याला 'पिंक सॉस' म्हणतात त्याच्या जवळ जातो. फक्त आपला जरा रागीट पिंक सॉस.

## २ प्लेटचं साहित्य

- पेने पास्ता : २०० ग्रॅम (पाकिटावर 'ड्युरम गव्हाचा रवा' लिहिलेला बघून घ्या, मैद्याचा लवकर गिळगिळीत होतो)
- लाल, पिकलेले टोमॅटो : ४०० ग्रॅम
- कांदा : १ मध्यम
- लसूण : १० पाकळ्या
- ब्याडगी मिरची : ४ (रंगासाठी)
- लवंगी मिरची : २ (तिखटासाठी)
- शिमला मिरची : १०० ग्रॅम
- तेल : २ मोठे चमचे, बटर : १० ग्रॅम
- दूध : १५० मिली, त्यात १ छोटा चमचा कॉर्नफ्लोअर
- प्रोसेस्ड चीज : ५० ग्रॅम
- मोझरेला : ३० ग्रॅम
- ओरेगॅनो, मीठ, चिमूटभर साखर

दोन प्रकारचं चीज का, हा प्रश्न नेहमी येतो. प्रोसेस्ड चीज सॉसमध्ये गुळगुळीत विरघळतं, गुठळी धरत नाही. पण त्याला तार येत नाही. मोझरेलाला तार येते, पण नुसतं तेच घातलं तर सॉसमध्ये रबरासारखा गोळा होऊन बसतं. म्हणून प्रोसेस्ड आत आणि मोझरेला वरून. दोघांची कामं वेगळी.

आणि एक सूचना. बाजारात चीजसारखंच दिसणारं, वनस्पती तेल घालून केलेलं स्वस्त पाकीट मिळतं. लेबलवर 'अ‍ॅनालॉग' असा शब्द असतो. ते चीज नाही. मेन्यूवर 'चीज' लिहायचं आणि ते वाढायचं, ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि कायद्यालाही ते चालत नाही. लेबल वाचायची सवय लावा.

## कृती : घड्याळ लावून करा

पहिली ५ मिनिटं. एका गॅसवर २ लिटर पाणी उकळायला ठेवा, वर झाकण. त्यातलंच थोडं गरम झालेलं पाणी वाटीत घेऊन दोन्ही मिरच्या भिजत घाला. बिया काढल्या तर तिखटपणा कमी होतो, तो तुमचा निर्णय. तोपर्यंत कांदा बारीक चिरा, लसूण ठेचा, शिमला मिरचीचे उभे काप करा.

पुढची ५ मिनिटं. भिजलेल्या मिरच्या आणि टोमॅटो मिक्सरमधून फिरवून घ्या. कढईत तेल गरम करा, शिमला मिरची मोठ्या आचेवर एक मिनिट परतून बाजूला काढा. ती कुरकुरीत राहिली पाहिजे. त्याच तेलात आच कमी करून लसूण घाला. लसणाचा वास सुटला की कांदा. लसूण लाल होऊ देऊ नका, कडवटपणा सगळ्या सॉसमध्ये उतरतो.

पुढची १० मिनिटं. आता टोमॅटो-मिरचीचं वाटण कढईत. मीठ अगदी थोडं, कारण प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ असतंच. चिमूटभर साखर. बाजूने तेल सुटेपर्यंत शिजवा. कच्च्या टोमॅटोचा आंबट वास गेला पाहिजे. इथे घाई केली तर पुढे दूध फाटतं.

याच वेळात दुसऱ्या गॅसवर पाण्याला खळखळून उकळी आली की १०-१२ ग्रॅम मीठ आणि पास्ता टाका. इटलीत साधं गणित सांगतात : १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. आपण मीठ त्याच्या जवळपास निम्मं घेतोय, कारण हेच पाणी आपण सॉसमध्ये वापरणार आहोत. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिली असतील त्यापेक्षा २ मिनिटं आधी पास्ता काढायचा. उरलेला तो सॉसमध्ये शिजतो आणि चव आत घेतो.

थांबा! पाणी ओतू नका. चाळणी सिंकमध्ये ठेवायच्या आधी एक कप पाणी बाजूला काढा. ते ढगाळ, पांढरट पाणी म्हणजे पास्त्यातून सुटलेला स्टार्च. तेल आणि पाणी एकमेकांना सोडून पळतात, हा स्टार्च त्यांना धरून ठेवतो. चीज घातल्यावर गुठळ्या होऊ देत नाही आणि सॉसला चकाकी देतो. हॉटेलसारखा मलईदारपणा यावा म्हणून लोक चीजचे चार क्यूब जास्त टाकतात. तेच काम हे फुकटचं पाणी बऱ्याच अंशी करतं.

शेवटची ५ मिनिटं. सॉसची आच अगदी बारीक करा. अर्धी वाटी पास्त्याचं पाणी घाला, ढवळा. मग कॉर्नफ्लोअर मिसळलेलं दूध थोडं थोडं करून घाला. दूध फ्रिजमधून काढून तसंच ओतू नका, कोमट असू द्या. सॉस जरा दाट झाला की पास्ता आणि शिमला मिरची टाकून दोन मिनिटं हलवा. आता गॅस बंद. बटर आणि किसलेलं प्रोसेस्ड चीज दोन हप्त्यांत घाला, हलवत राहा. उकळत्या सॉसमध्ये चीज टाकलं की ते दाणेदार होतं आणि तूप सोडतं, म्हणून गॅस बंद करूनच. वरून मोझरेला, ओरेगॅनो, झाकण दोन मिनिटं. वाफेवर मोझरेला वितळतं, ओव्हनची गरज नाही.

झालं! घरी खायचं असेल तर धडा इथे संपला. ताटं घ्या.

## आता धंद्याचा भाग : एक प्लेट किती रुपयांची?

खालचे भाव मी फक्त हिशोब समजावा म्हणून धरले आहेत. तुमच्या गावातले, तुमच्या दुकानातले भाव घालून हेच गणित पुन्हा करायचं. दोन प्लेटचा माल :

- पास्ता २०० ग्रॅम (२०० रु. किलो) : ४० रु.
- टोमॅटो ४०० ग्रॅम (४० रु. किलो) : १६ रु.
- कांदा-लसूण : ७ रु.
- शिमला मिरची १०० ग्रॅम (८० रु. किलो) : ८ रु.
- सुक्या मिरच्या, ओरेगॅनो, मीठ वगैरे : ८ रु.
- तेल आणि बटर : १०.५० रु.
- दूध १५० मिली (६० रु. लिटर) : ९ रु.
- प्रोसेस्ड चीज ५० ग्रॅम (५६० रु. किलो) : २८ रु.
- मोझरेला ३० ग्रॅम (५०० रु. किलो) : १५ रु.

एकूण १४१.५० रुपये. म्हणजे एका प्लेटला साधारण ७१ रुपये.

बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, "७१ ला पडतो, १२० ला विकला, ४९ सुटले!" नाही हो ताई, नाही हो दादा. अजून पुढे आहे :

- गॅस : ५ रु.
- डबा, झाकण, लाकडी फोर्क, टिश्यू, पिशवी : १४ रु.
- नासाडी (खराब टोमॅटो, सांडलेलं, चव बघायला घेतलेलं) : ४ रु.

झाले ९४ रुपये. आणि तुमची मजुरी? संध्याकाळचे ३ तास तुम्ही उभे असता. तासाला १०० रुपये धरा, म्हणजे ३०० रुपये. १५ प्लेट गेल्या तर प्लेटमागे २० रुपये. एकूण ११४ रुपये.

१२० रुपये भाव ठेवला तर सुटले किती? ६ रुपये. स्वतःची मजुरी हिशोबात न धरणं ही आपल्याकडची, विशेषतः घरून काम करणाऱ्या ताईंची, फार जुनी सवय आहे. "घरचंच तर आहे, मी करतेच की!" असं म्हणून आपण स्वतःलाच फुकट राबवतो. उद्या आजारी पडलात आणि मदतीला कोणी ठेवलं, तर ती व्यक्ती फुकट येणार आहे का?

## १५० रुपयांची गंमत

आता भाव १५० करू. सोसायटीतला ग्राहक थेट फोनवर ऑर्डर देतो, स्वतः येऊन घेऊन जातो. १५० वजा ११४, म्हणजे ३६ रुपये सुटले. छान.

तीच प्लेट डिलिव्हरी अ‍ॅपवरून गेली. समजा कमिशन २५ टक्के आहे (तुमच्या करारात जो आकडा असेल तो धरा, त्यावरचा कर वेगळा). १५० मधून ३७.५० गेले. हातात ११२.५०. खर्च ११४. म्हणजे प्लेट विकली, घाम गाळला, आणि वर खिशातून दीड रुपया दिला! जितक्या जास्त ऑर्डरी, तितका जास्त तोटा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं धंदा जोरात आहे.

अ‍ॅपवर तीच प्लेट १८० ला ठेवली तर ४५ कमिशन जाऊन १३५ उरतात, म्हणजे २१ रुपये सुटतात. म्हणून भाव ठरवताना "शेजारचा कितीला देतो" हे शेवटी बघा. आधी "मला कितीला पडतो" आणि "कुठून विकतोय" हे बघा. आणि अ‍ॅपवर वेगळा भाव ठेवण्याआधी करारात त्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचा.

आणखी एक. १५ प्लेट रोज जातीलच असं नाही. ८ गेल्या तर तीच ३०० रुपये मजुरी ८ प्लेटवर बसते, प्लेटमागे ३७.५० रुपये. १५० ला थेट विकूनही हातात प्लेटमागे १८.५० उरतात. म्हणून नोकरी सोडायच्या आधी, कर्ज काढायच्या आधी, निदान दोन महिने संध्याकाळचं करून बघा आणि रोजच्या प्लेट वहीत लिहा. सरासरी काय येते ते वही सांगेल, उत्साह सांगणार नाही.

## चिमटीतलं चीज

सगळ्यात मोठी गळती इथे आहे. किसणी डब्यावर धरली आणि "अजून थोडं" म्हणत २० ग्रॅम चीज जास्त पडलं. २० ग्रॅम म्हणजे दिसायला काहीच नाही, साधारण एक क्यूब. ५६० रुपये किलोने ते ११.२० रुपये. १५ प्लेट रोज, महिन्याचे २६ दिवस : ४,३६८ रुपये महिन्याला.

उपाय साधा आहे. एक डिजिटल काटा घ्या. दुपारीच प्रोसेस्ड चीजचे २५-२५ ग्रॅमचे आणि मोझरेलाचे १५-१५ ग्रॅमचे भाग करून छोट्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा. ऑर्डर आली की एक-एक भाग. ग्राहकाला जास्त हवंय? आनंदाने द्या, 'एक्स्ट्रा चीज ३० रुपये' असं मेन्यूवर लिहून.

याचा दुसरा फायदा बघा. आज एक चव आणि उद्या दुसरी, असं होत नाही. मागच्या वेळेसारखाच पास्ता मिळेल या खात्रीवर लोक पुन्हा ऑर्डर देतात.

## टोमॅटोचा भाव उडाला तर?

२०२३ चा जुलै-ऑगस्ट आठवा. कित्येक शहरांत टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या पार गेला होता. आपल्या प्लेटमध्ये २०० ग्रॅम टोमॅटो आहे. ४० रुपये भावाने ८ रुपये, १५० रुपये भावाने ३० रुपये. प्लेटमागे २२ रुपये एका झटक्यात वाढले, म्हणजे थेट विक्रीतला निम्म्याहून जास्त नफा गेला.

म्हणून मेन्यूवर पहिल्या दिवसापासून दोन पास्ते ठेवा : हा लाल, आणि हिरव्या मिरचीचा पांढरा. टोमॅटो महागला की पांढऱ्याची जाहिरात करा. टोमॅटो स्वस्त असताना प्युरी करून फ्रीझरमध्ये भरून ठेवा. पण सॉस पातळ करून तोच भाव घेऊ नका, ग्राहकाच्या जिभेला पहिल्या घासात कळतं.

## तयारी आणि स्वच्छता

ऑर्डर आल्यावर अर्धा तास कोणी थांबत नाही. तयारी अशी ठेवा :

- टोमॅटो-मिरचीचा बेस (दूध-चीज न घालता) आधी करून ठेवा. पसरट भांड्यात लवकर गार करा, तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवसांत संपवा.
- पास्ता अर्धवट उकडून, तेलाचा हात लावून फ्रिजमध्ये. त्याच दिवशी वापरा. उकडलेला पास्ता ओट्यावर तासन्‌तास उघडा ठेवू नका. ५ ते ६० अंश तापमानात जंतू झपाट्याने वाढतात.
- पास्त्याचं पाणीही एका बरणीत भरून त्याच दिवसापुरतं फ्रिजमध्ये ठेवा.
- दूध आणि चीज फक्त ऑर्डर आल्यावर.

मग एक प्लेट ७-८ मिनिटांत निघते.

डब्याची परीक्षा : पास्ता डब्यात गेल्यावरही सॉस पीत राहतो. कढईत छान दिसणारा पास्ता ग्राहकाच्या घरी कोरडा गोळा होऊन पोचतो. म्हणून पार्सलसाठी सॉस नेहमीपेक्षा सैल ठेवा, पास्त्याचं पाणी दोन-तीन चमचे जास्त. पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी एक डबा भरा, झाकण लावा, ३० मिनिटांनी उघडा आणि स्वतः खा. तो डबा तुम्हाला आवडला, तरच विक्री सुरू करा.

## कागदपत्रं

- घरून विकत असलात तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो, १४ अंकी क्रमांक मिळतो. सध्याची फी आणि मर्यादा तिथेच बघा.
- घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही. व्यावसायिक १९ किलोचा घ्या आणि त्याच भावाने गॅसचा खर्च धरा.
- प्लास्टिकचे चमचे-फोर्क १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. लाकडी द्या.

## गृहपाठ

१. या आठवड्यात वरच्या मापाने २ प्लेट करा. प्रत्येक जिन्नस काट्यावर मोजा.
२. तुमच्या दुकानातले भाव घालून एका प्लेटचा खर्च काढा. गॅस, डबा, नासाडी आणि मजुरी, चारही ओळी असल्याच पाहिजेत.
३. थेट विक्रीचा आणि अ‍ॅपचा भाव वेगवेगळा ठरवा.
४. डब्याची ३० मिनिटांची परीक्षा घ्या. घरच्यांना नाही, ज्यांना तुमचं मन राखायची गरज नाही अशा दोघांना खाऊ घाला.
५. त्यांना "कसा झालाय?" असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. "१५० रुपये देऊन पुन्हा मागवाल का?" असं विचारा.

दुसऱ्या प्रश्नाचा आकडा पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा आणि ओट्यासमोर चिकटवा. त्या आकड्याच्या खाली प्लेट द्यायची नाही, ओळखीच्यांनाही नाही. उद्घाटनाची ऑफर द्यायची असेल तर ती किती प्लेटची आणि किती दिवसांची हे आधी ठरवा, आणि तो खर्च जाहिरातीच्या खात्यात लिहा.

पुढच्या धड्यात पहिले २० ग्राहक सोसायटीतून आणि ओळखीतून कसे मिळवायचे ते बघू. तोपर्यंत काटा विकत आणा, पाणी उकळायला ठेवा आणि वही उघडा.